लाल पट्टी आणि दादीचा फोटो

आमच्या जुन्या अल्बममध्ये पुरुष आणि मुलं भरपूर आहेत, दादी मात्र एकाच फोटोत. पाहुणे लगेच म्हणतात, "तुमच्यात पडदा असेल ना?" खरं कारण चाचांनी कुवेतहून आणलेल्या कॅमेऱ्यात आहे.

तो ऑलिम्पस पेन ईई. पेन हा मूळ कॅमेरा जपानच्या योशिहिसा माइतानींनी घडवला, १९५९ साली. पेनासारखा सहज जवळ बाळगता यावा, म्हणून हे नाव. ईई १९६१ चा. नेहमीच्या ३५ मिलिमीटर रोलवर तो अर्धीच चौकट वापरतो, १८ बाय २४ मिलिमीटर. ३६ फोटोंच्या रोलमध्ये ७२ फोटो! रोल जपून वापरणाऱ्या आमच्या घराला आणखी काय हवं? कॅमेरा आडवा धरला की चौकट उभी येते, म्हणून अल्बममध्ये आम्ही एकेकटे, ताठ उभे.

त्याला बॅटरी लागत नाही. लेन्सभोवती बारीक फुगवट्यांचं कडं असतं, त्यामागे सेलेनियम. उजेड पडला की त्यातून किंचित वीज तयार होते आणि लेन्स किती उघडायची ते ठरतं. उजेड कमी पडला तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि फोटो निघतच नाही. फिल्म वाया जाऊ नये म्हणून ही सोय. फ्लॅश लावून अंधारात काम भागे, पण आमच्याकडे फ्लॅश नव्हता.

आता आमचं कोकणातलं घर डोळ्यांसमोर आणा. पुरुष पडवीत, मुलं अंगणात, उजेडही तिथेच. दादीचा दिवस आतल्या काळोखात, चुलीपाशी. चाचांनी तिच्याकडे कॅमेरा वळवला की लाल पट्टी वर. दादी म्हणायची, "तुझ्या डब्याला मी दिसत नाही. जेवायच्या वेळी तुम्हा सगळ्यांना बरी दिसते."

तिचा तो एकमेव फोटो अंगणातला आहे. मे महिन्याच्या उन्हात ती आमसुलं वाळत घालते आहे. उजेडात आली तीही कामासाठीच.

शेजारच्या हिंदू घरातल्या आजींचा फोटो चाचांनी याच कॅमेऱ्याने काढायचा प्रयत्न केला होता. तोही निघाला नाही. त्यांच्याकडे पडदा नव्हता. स्वयंपाकघराला खिडकी मात्र दोन्ही घरांत नव्हती.