वाशीमच्या पांदणवाटा आणि गुडघ्याचे कवच

वाशीम जिल्ह्यातून एक अदृश्य रेषा गेलेली आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या पूर्वेकडे सरकलेल्या शाखा या जिल्ह्यातून जातात आणि त्यांच्या माथ्यावर पावसाचे पाणी दुभागते. उत्तरेच्या उतारावर पडलेला थेंब काटेपूर्णेतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि अखेर अरबी समुद्राला मिळतो. दक्षिणेच्या उतारावरचा थेंब अडाण, पैनगंगा असा प्रवास करीत गोदावरीच्या पाण्यातून बंगालच्या उपसागराला जातो. जिल्हा म्हणून वाशीमचे वय लहान. १ जुलै १९९८ रोजी तो अकोल्यापासून वेगळा झाला. परंतु वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म येथेच होती, आणि कारंजा व शिरपूर ही नावे तर आपल्या वाचकांना सांगावयास नकोत. यात्रेकरू मोटारीने येतात, दर्शन घेतात आणि परततात. मधला प्रदेश खिडकीतून दिसतो तेवढाच. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तर तोही वेगाने मागे पडतो. (त्या मार्गावर सायकलला प्रवेश नाही, हे एका अर्थी बरेच आहे.)

तो मधला प्रदेश मला नव्याने पाहावयास मिळाला तो माझ्या थोरल्या बंधूंच्या नातवामुळे. तो पुण्यास नोकरी करतो आणि रविवारी पहाटे तेथील टेकड्यांवर सायकल चालवितो. गेल्या माघात तो आपली डोंगरी सायकल घेऊन कारंज्यास आला. जाड दातेरी टायर, पुढे धक्के शोषणारा फोर्क, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. त्याच्या आईने त्यास एका अटीवर निरोप दिला होता: गुडघ्याला आणि कोपराला पॅड बांधल्याखेरीज डोंगरात जावयाचे नाही. चिरंजीवांचे म्हणणे असे की, हेल्मेट आणि हातमोजे पुरेत. विदर्भाच्या उन्हात पॅड बांधून तासभर पायडल मारणे म्हणजे गुडघे शिजविणे. फोनवर दोन्ही पक्षांचे म्हणणे झाले आणि निवाडा माझ्याकडे आला. बँकेत पस्तीस वर्षे कर्जप्रकरणे पाहिलेल्या मनुष्याला जोखीम तोलता येत असावी, असा घरात समज आहे.

मी त्यास म्हटले, आधी जागा पाहू. माझ्या साध्या सायकलवरून मी त्याच्याबरोबर निघालो. उतार आला की पायी उतरेन, ही माझी अट होती.

येथील डोंगरांना सह्याद्री पाहिलेला मनुष्य डोंगर म्हणावयास कचरेल. परंतु त्यांची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. हा सारा दख्खनचा बेसाल्ट. लाव्ह्याच्या थरांवर थर. या खडकाला इंग्रजीत ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे, आणि येथे सायकल चालविताना ते नाव किती यथार्थ आहे हे अंगाला कळते. पांदण रस्ता दीड-दोन कोस तुरीच्या आणि हरभऱ्याच्या शेतांमधून सपाट जातो. खाली काळी माती, मध्ये बैलगाडीच्या चाकोऱ्या. मग माती संपून मुरूम लागतो, आणि एकाएकी वाट पायरी उतरल्यासारखी दोन-तीनशे हात खाली घसरते. त्या उतारावर सुटे दगड, कुठे नुसता खडक उघडा. मग पुन्हा सपाटी.

यातील प्रत्येक जमीन सायकलस्वाराला वेगळ्या रीतीने पाडते. पावसाळ्यात काळी माती चाकाला अशी धरते की फोर्कमध्ये चिखल दाटून चाक फिरेनासे होते; तेथे पडणे मऊ असते, फक्त कपडे जातात. वैशाखात त्याच मातीला भेगा पडतात, आणि वाटेला समांतर गेलेल्या भेगेत पुढचे चाक अडकले तर स्वार हँडलवरून पुढे जातो. माघ-फाल्गुनात सागाची पानगळ असते. ताटाएवढी वाळलेली पाने वाटेवर पसरतात, खालचा दगड दिसत नाही आणि पानावर पान घसरते. पुण्याच्या टेकडीवर हा प्रकार नाही, म्हणून चिरंजीवांना तो ठाऊक नव्हता.

वाटेत तुरीच्या शेतात एक वृद्ध गृहस्थ भेटले. पॅड बांधलेले पाय पाहून त्यांनी विचारले, “काहून बांधलं बा पायाले? लागलं का काही?” लागू नये म्हणून बांधले आहे, असे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले; जणू हा खुलासा मुलाकडून नव्हे तर वडीलधाऱ्याकडून व्हावा. त्यांची नातवंडे त्याच उतारावरून चाऱ्याचा भारा मागे बांधून, पायांत चपला, ब्रेकचा भरवसा नाही, अशी सायकल रोज आणतात. ती पडत नाहीत का? पडतात. परंतु त्यांना प्रत्येक दगड ओळखीचा असतो, आणि उतार उतरणे हे त्यांचे काम असते, मौज नव्हे. म्हणून ती सावकाश उतरतात.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. डोंगरी सायकल हा खेळ १९७०च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात आकाराला आला. ती मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन, जीन्स, जाड बूट आणि कामाचे हातमोजे घालून खाली सुटत. पुढे या खेळाच्या शाखा झाल्या. १९९६पासून ऑलिम्पिकमध्ये असलेल्या क्रॉस-कंट्री शर्यतीत चढही असतो, उतारही. तेथील खेळाडू हेल्मेट आणि हातमोज्यांवर भागवितात, पॅड सहसा बांधीत नाहीत. उलट निव्वळ उताराच्या डाउनहिल शर्यतीत हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट सक्तीचे आहे आणि गुडघ्याचे पॅड जवळजवळ सारेच वापरतात. म्हणजे जगातील उत्तम खेळाडूंनीही या प्रश्नाचे एकच उत्तर दिलेले नाही; जमिनीगणिक दिलेले आहे. वाशीमची जमीन एकाच फेरीत दोन्ही प्रकारची आहे, ही येथली अडचण.

हेल्मेटविषयी मात्र मी वाद ऐकून घेतला नाही, आणि सुदैवाने कोणी घातलाही नाही. त्याच्या आतील थर थर्माकोलच्या जातीचा असतो. आघात झाला की तो चेपतो आणि त्या चेपण्यात डोक्याला बसणारा झटका खर्ची पडतो. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतून संपलेले असते. ते बदलावे लागते. काटकसरी घरांत हे पटवून देणे कठीण जाते. हातमोज्यांबाबत आपल्या वाचकांसाठी एक सूचना: बहुतेक मोज्यांचा तळवा कृत्रिम असतो, पण काहींना खरे कातडे लावलेले असते. घेताना लेबल वाचावे.

गुडघ्याच्या पॅडचे काम निराळे. जुन्या धर्तीच्या पॅडला बाहेरून कठीण प्लास्टिकची वाटी असते. ती आघात मोठ्या जागेवर पसरविते आणि दगडाला न अडकता त्यावरून सरकते. नव्या धर्तीचे पॅड हातात मऊ लागते, परंतु झटका बसताच कठीण होते. ते पायडल मारताना कमी त्रास देते. दोन्हींची मर्यादा एकच. कातडे सोलवटणे, वाटीवर दगडाची चीर जाणे, जखमेत माती भरणे हे त्यांनी टळते. पडताना मनुष्य स्वभावतः हात पुढे करतो, आणि मग मनगटातील नावेच्या आकाराचे छोटे हाड किंवा गळ्याजवळची हासळी मोडते. त्याला गुडघ्याचे पॅड काय करणार? मनगटाचे ते हाड रक्तपुरवठा अपुरा असल्याने फार हळू जुळते.

येथे माझ्यातील कॉमर्सचा विद्यार्थी जागा झाला. शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ साली मोटारींच्या सुरक्षा-नियमांबाबत असा युक्तिवाद मांडला की, सुरक्षितता वाढली की चालक अधिक धाडसाने गाडी हाकतो आणि मिळालेला लाभ जवळजवळ सारा गमावतो. त्यांच्या निष्कर्षांवर पुष्कळ वाद झाले. पण बँकेत बसून मी हे पाहिलेले आहे: तारण भक्कम आहे म्हणून वाईट कर्ज चांगले होत नाही, आणि भक्कम तारण पाहूनच काही अधिकारी वाईट कर्ज देतात. चिरंजीवांस मी पहिल्या उतारावर पॅड बांधून आणि दुसऱ्यावर न बांधता उतरावयास सांगितले, आणि खाली उभा राहून पाहिले. पॅड असताना तो ब्रेक उशिरा दाबीत होता. त्यास मात्र ते मान्य नाही.

तथापि पेल्ट्झमनचा आधार घेऊन पॅड घरी ठेवावेत, असे मला वाटत नाही. तिसऱ्या उतारावर सागाच्या पानांत पुढचे चाक सरकले आणि तो डाव्या अंगावर गेला. वेग बेताचा होता. हातमोज्याचा तळवा फाटला, पॅडच्या वाटीवर बोटभर खोल चरा उठला, गुडघा शाबूत. तो चरा वाटीऐवजी गुडघ्याला पडला असता, तर टाके घालण्यासाठी त्यास त्या ओसाडीतून मुख्य रस्त्यापर्यंत नेणे माझ्या साध्या सायकलने कसे व्हावे? १०८ला फोन लावण्यासाठीही आधी टेकडी चढून रेंज शोधावी लागली असती. शहराजवळच्या टेकडीवरची जखम आणि येथील जखम सारखी असली तरी तिची किंमत सारखी नाही. आईच्या अटीतील तथ्य मला तेथे पटले.

उन्हाचा मुद्दाही खोटा नव्हता. पॅडच्या कापडाला कुसळे इतकी चिकटतात की सपाटीवरच्या गवतातून तासभर गेल्यावर ती आतल्या बाजूने टोचू लागतात, शिवाय घाम. तेव्हा निवाडा असा झाला: हेल्मेट व हातमोजे दारातून निघाल्यापासून, पॅड सपाटीवर पाठीच्या पिशवीस अडकविलेले, मुरूम संपून दगड दिसला की थांबून बांधावयाचे, आणि नवीन उतार प्रथम पायी उतरून पाहावयाचा. थांबण्याचा कंटाळा आला तर तो उतार त्या दिवशी सोडून द्यावा. आपल्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण होत असल्याने परतीची वेळ आपोआपच ठरलेली असते, अंधारात उतरण्याचा प्रश्न येत नाही. कोपराच्या पॅडबाबत आईनेच माघार घेतली.

डिसेंबरात तो पुन्हा येणार आहे. या खेपेस पाणलोटाच्या उत्तरेकडील, काटेपूर्णेच्या बाजूचा उतार पाहावयाचा आहे. तिकडे अभयारण्य आहे आणि परवानगीवाचून आत जाता येत नाही. त्याची हद्द नेमकी कोठून सुरू होते, याची चौकशी मी वनविभागाच्या कार्यालयात करून ठेवली आहे.