धुण्याआधी वाच

कोल्हापूर

प्रिय भावा,

तुझं पत्र मिळालं, तुझ्या एमजीबी गाडीचे फोटोही पाहिले. बर्फ पडायला लागला की टोरांटोच्या गॅरेजचं दार लावून घ्यायचं आणि हिवाळाभर इंजिन बांधायचं, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. आणि ते इंजिन तुला-मला परकंही नाही. तुझ्या गाडीचं 1798 सीसीचं इंजिन आणि आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातलं, ब्रिटिश बीएमसी कंपनीच्या बी-सीरिजचं. लहानपणी ज्या अ‍ॅम्बेसेडरमधून दाटीवाटीनं आपण जोतिबाला जायचो, तिचंच थोरलं भावंड आता तुझ्या बॉनेटखाली आहे.

तू विचारलंयस, घरी इंजिन बांधणाऱ्याला सगळ्यात महागात पडणारी चूक कोणती? माझ्या मते ती अगदी सुरुवातीलाच होते. माणूस इंजिन खोलतो, काळंकुट्ट ऑइल आणि तळाचा चिखल बघतो, आणि उत्साहाच्या भरात सगळे भाग डिझेलच्या ट्रेमध्ये टाकून घासून लखलखीत करतो. इंजिन का बिघडलं हे त्या चिखलातच कळणार असतं. तो धुतला गेला की नवे भाग बसतात, पण जुनं कारण जागच्या जागी राहतं. म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं हेच: धुण्याआधी वाच.

मी हे मामांच्या पद्मिनी गाडीकडून शिकलो. तुला ती आठवत असेल, फिकट निळी, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा असलेली. मामा थकले तशी ती माझ्या दारात आली. तिचं इंजिन खरं तर पद्मिनीपेक्षा कितीतरी जुनं. 68 मिलिमीटरचा बोअर, 75 मिलिमीटरचा स्ट्रोक, चार सिलिंडर मिळून 1089 सीसी, हे माप फियाटनं इटलीत 1937 मध्येच ठरवलं होतं. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात त्याच मापाचं इंजिन पुढं कितीतरी वर्षं बनत राहिलं. मुंबईच्या कितीतरी काळ्या-पिवळ्या टॅक्स्या त्यावर धावल्या. त्यांतल्या शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून चालण्याची 20 वर्षांची मुदत 2023 च्या ऑक्टोबरअखेर संपली. पण टॅक्सीवाल्यांनी हे इंजिन इतकं वापरलं की कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा चोर बाजारात चिकाटीनं हिंडलं तर त्याचे भाग आजही हाती लागतात.

मामांच्या गाडीचं दुखणं असं: गरम झाली की सिग्नलला उभी असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा, आणि चढाला मागून निळा धूर. काही वर्षांपूर्वी हे इंजिन एकदा बांधून झालेलं होतं, बेअरिंग नवी, रिंगा नव्या. सगळे म्हणाले, परत बेअरिंग टाका. मी मात्र आधी फक्त तळाचं ऑइल चेंबर खोलायचं आणि काहीही न पुसता बघायचं ठरवलं. माझ्या पोरीला मोबाइल घेऊन बसवलं आणि प्रत्येक भागाचा मळकट अवस्थेतला फोटो काढायला सांगितला.

ऑइल पंपाच्या जाळीत लालसर रबराचे तुकडे अडकले होते. ती वाळलेली सिलिकॉन पेस्ट होती. चेंबरच्या गॅस्केटला कुणीतरी ती सढळ हातानं लावली होती. बोल्ट आवळल्यावर जास्तीची पेस्ट बाहेर येते तशी आतही जाते. बाहेरची पुसली गेली, आतली वाळून हळूहळू सुटली आणि जाळीवर जाऊन बसली. पंपाला ऑइल पुरेना, बेअरिंगला पोचेना. मग बेअरिंगचे शेल काढून पाहिले. त्यांच्या वरचा मऊ राखाडी थर जाऊन खालचा तांबूस धातू उघडा पडला होता, आणि तोही सगळ्या शेलवर जवळपास सारखाच. फक्त बेअरिंग बदलून आम्ही इंजिन बंद केलं असतं, तर नवे शेलही त्याच वाटेनं गेले असते.

ज्यानं ती पेस्ट लावली त्याच्यावर माझा राग नाही. ऑइल गळू नये, गिऱ्हाईक परत तक्रार घेऊन येऊ नये, एवढाच त्याचा हेतू असणार. इंजिनातल्या बहुतेक चुका अशाच असतात: काळजीपोटी केलेल्या, आणि केल्या त्या दिवशी न दिसलेल्या. त्या दिसतात हजारो किलोमीटरनंतर, तोवर करणाऱ्याला त्यांचा पत्ताही नसतो. म्हणून त्यांच्यापासून शिकायचं तर खुणा जपाव्या लागतात.

तुझं इंजिन खोलशील तेव्हा काय काय वाचायचं ते सांगतो. प्लग काढल्याबरोबर क्रमानं मांड. फिकट तपकिरी म्हणजे सिलिंडर ठीक, ओलसर काळा म्हणजे ऑइल वर येतंय, पांढराफटक म्हणजे जास्त तापतंय किंवा पेट्रोल कमी पडतंय. हेड गॅस्केटवर दोन सिलिंडरच्या मधोमध काजळीची रेघ असेल तर तिथून दाब फुटत होता. शेलवर बारीक ओरखडे म्हणजे कचरा फिरला. एकाच कडेला झीज म्हणजे रॉड वाकला असण्याची शक्यता. हे सगळं वहीत सिलिंडर नंबर घालून लिही, मग खुशाल धू.

खोलताना आणखी एक शिस्त पाळ. कनेक्टिंग रॉडची कॅप त्याच रॉडसोबत तयार केलेली असते, मेन बेअरिंगची कॅप त्याच ब्लॉकसोबत. एकीची दुसरीला लावली, किंवा फिरवून उलटी लावली, तर भोक गोल राहत नाही. काढण्याआधी पंचनं नंबर ठोक. टॅपेट आणि पुशरॉडही जिथले तिथेच परत गेले पाहिजेत, कारण टॅपेट आणि कॅम एकमेकांशी घासून जुळलेले असतात. जाड पुठ्ठ्याला भोकं पाडून, नंबर घालून त्यात पुशरॉड खोचून ठेव, पुरतं.

घरी काय करायचं आणि बाहेर काय द्यायचं, यावर तू घोटाळतोयस असं दिसलं. खोलणं, मोजणं, धुणं, बांधणं घरी. बोअर करणं आणि क्रँक ग्राइंडिंग मशीनवरच. इथं मी शिवाजी उद्यमनगरातल्या मशीन शॉपवाल्या काकांकडे गेलो. नुसता ब्लॉक घेऊन गेलो तर त्यांनी हातही लावला नाही. म्हणाले, "आधी पिस्टन आणा, मग बोअर करतो." आणि ते बरोबरच. पिस्टन मोजायचा आणि त्याच्या मापाला बोअर करायचा, प्रत्येक सिलिंडरचा वेगळा. जुना बोअर त्यांनी वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजून दाखवला. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगेच्या वळणाजवळ होती. जळत्या वायूचा दाब तिथं जास्त आणि ऑइल कमी, पिस्टनही तिथं क्षणभर थांबून दिशा बदलतो. तुमच्याकडे चांगलं मशीन शॉप शोध, आणि मापं लिहून माग. जो माणूस मापं लिहून देतो त्याच्यावर निर्धास्त विश्वास टाक.

बोअर झाल्यावर होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा राहतात. घरच्या पाट्याला टाकी लावतात ना, तसं हे. गुळगुळीत पाट्यावर वाटण वाटलं जात नाही, गुळगुळीत बोअरवर रिंग बसत नाही. त्या रेघांत ऑइल धरून राहतं. पण तिथंच दगडाची पूडही अडकते, आणि डिझेल-पेट्रोलनं ती निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश हाच उपाय. पांढरं फडकं फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं, लगेच कोरडं करून ऑइलचा हात द्यायचा, नाहीतर काही मिनिटांत गंज धरतो. ही पूड राहिली तर नव्या रिंगा पहिल्याच प्रवासात झिजायला लागतात.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी बोअरमध्ये टाक, पिस्टननं खाली ढकलून सरळ कर आणि फीलर गेजनं दोन टोकांमधली फट मोज. ढोबळ नियम असा की बोअरच्या दर इंचाला चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे पद्मिनीच्या 68 मिलिमीटरला साधारण 0.27 मिलिमीटर. तुझ्या गाडीचं माप मात्र तिच्या मॅन्युअलमधूनच घे. फट कमी असेल तर रिंग तापून फुगते, टोकं एकमेकांवर आदळतात आणि बोअरला ओरखडे पडतात किंवा रिंग तुटते.

आता पोरीचा किस्सा. डिस्ट्रिब्युटर तिनं बसवला. एक नंबरचा पिस्टन वर, खुणा जुळलेल्या, तारा 1-3-4-2 क्रमानं. सेल्फ मारला तर कार्ब्युरेटरमधून फाट्‍कन आवाज. ती घाबरली नाही, वहीत आवाज लिहिला आणि विचार करत बसली. चार स्ट्रोकच्या फेऱ्यात पिस्टन दोनदा वर येतो, एकदा दाबाला आणि एकदा धूर बाहेर टाकायला. तिनं दुसरी वेळ धरली होती. मग एक नंबरचा प्लग काढला, भोकावर बोट धरलं आणि मला क्रँक फिरवायला सांगितलं. बोटाला दाब लागला तिथं खूण जुळवून डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा फिरवला आणि इंजिन लागलं. हा धडा मी तिला शंभरदा सांगूनही इतका पक्का झाला नसता. आता ती कॉलेजमधल्या मैत्रिणींना फोर-स्ट्रोक समजावते तेव्हा बोटावरच्या त्या दाबापासून सुरुवात करते.

म्हणून भावा, चुका होतील याची धास्ती नको. घाई तेवढी नको. जिथं माप लागलं नाही तिथं पुढं जाऊ नकोस, आणि काही बिघडलं तर दुरुस्तीआधी लिहून ठेव. तुझी एमजीबी तुझ्यानंतरही कुणीतरी खोलेल. कुठला शेल कोणत्या मापाचा, कुठला बोल्ट किती आवळला, कुठं काय चुकलं आणि कसं सुधारलं, हे सांगणारी वही त्याला गाडीसोबत मिळाली तर त्याचं निम्मं काम झालेलं असेल. आम्हाला मामांच्या गाडीसोबत अशी वही मिळाली नाही. तिच्या पुढच्या मालकाला मात्र मिळेल, दोन हस्ताक्षरांतली.

चेंबर खोललंस की फोटो पाठव, मळकटच पाठव. आपण दोघं मिळून वाचू.

तुझाच,
कोल्हापूरचा मित्र

ता. क. पहिल्यांदा सुरू करण्याआधी चारही प्लग काढून ऑइलचा दाब काट्यावर दिसेपर्यंत सेल्फनं इंजिन फिरव, कोरड्या बेअरिंगवर स्पार्क देऊ नकोस. आणि सुरू झालं की संथ ठेवू नकोस. आपल्या दोघांच्याही इंजिनात सपाट टॅपेट आहेत. नवा कॅम टाकला असशील तर पहिली वीसेक मिनिटं 2000 आरपीएमच्या आसपास ठेव, म्हणजे कॅमवर ऑइल नीट उडतं. पहिलं ऑइल 500 किलोमीटरला बदल, आणि फिल्टर टाकून देण्याआधी कापून आत काय अडकलंय ते बघ.