पाय काही सांगत नाही

चपलेच्या दुकानातला सगळा व्यवहार एका प्रश्नावर चालतो. दुकानदार चप्पल पायात सरकवतो, चार पावलं चालायला लावतो आणि विचारतो, "कसं वाटतंय, ताई?" माझी अडचण तिथूनच सुरू होते. मला काहीच वाटत नसतं. दोन्ही पाय घोट्यापर्यंत बधिर आहेत. चप्पल घट्ट आहे की सैल, शिवण बोचतेय की नाही, हे सांगायचं काम ज्या पायांचं तेच गप्प. मी आपली "बरं वाटतंय" म्हणून मोकळी होत असे. दुकानदारही खूश.

मी वैशाखऱ्याची. मुरबाडहून माळशेजकडे निघालं की टोकावड्याच्या पुढे आमचं गाव. नाणेघाट चढायला आलेली मुंबईची पोरं पावसाळ्यात आमच्या फाट्यावरून पुढे जातात. त्यांच्या पायांतले जाड तळाचे बूट मी हल्ली फार बारकाईने बघते. पूर्वी पोरांचे चेहरे बघायचे. माझं काम अंगणवाडीचं. साखरेचं दुखणं बरीच वर्षं आहे, गोळ्याही तेव्हापासून.

पायाचं प्रकरण पहिल्यांदा कळलं ते एसटीत. मुरबाडहून येताना फाट्यावर उतरले, गाडी हलली आणि खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, तुमची चप्पल!" पाठोपाठ माझी डावी चप्पल रस्त्यावर येऊन पडली. पायऱ्या उतरताना ती आतच राहिली होती आणि मी एका चपलेवर चालायला लागले होते. सगळे हसले, मीही हसले. पुढे कल्याणच्या डॉक्टरांनी तपासताना दुसराच प्रश्न विचारला तो हाच: "चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असं होतं का?" अंगठ्याची चप्पल आपण बोटांनी धरून चालतो. बोटांना ती लागतच नसेल तर धरणार कोण?

डॉक्टरांकडे जायला मी उशीर केला, त्याला कारण होतं. आमच्या भागात कुष्ठरोग शोधायची मोहीम निघते, तेव्हा आशाताईंबरोबर मीही वाड्या-पाड्यांवर फिरले आहे. "अंगावर चट्टा आहे का? न खाजणारा, न दुखणारा?" हे वाक्य मी किती घरांच्या ओट्यावर म्हटलंय. ज्या दिवशी न्हाणीत पायावर कढत पाणी घेतलं आणि कातडी लाल होईपर्यंत समजलं नाही, त्या दिवशी हेच वाक्य माझ्याकडे वळलं. रात्री दार लावून मी अंगभर चट्टा शोधला. सापडला नाही, तरी आठवडाभर कोणाला बोलले नाही. लोकांना "घाबरू नका, गोळ्यांनी बरा होतो" सांगणारी मीच.

डॉक्टरांनी आधी चट्टाच तपासला, मग डोळे मिटायला सांगितले. नायलॉनचा एक जाडसर दोरा असतो, १० ग्रॅम दाब पडला की वाकणारा. तो तळव्याला ठिकठिकाणी टेकवून ते म्हणत, "लागलं की हो म्हणा." त्यांनी दोरा उचलल्यावर मी हो म्हणत होते आणि टेकवल्यावर गप्प बसत होते. मग सेकंदाला १२८ वेळा कंप पावणारा काटा अंगठ्याच्या हाडावर ठेवला. तो मला नुसता गार लोखंडाचा तुकडा. रक्त तपासलं तर बी-१२ सुद्धा कमी. साखरेची जी गोळी मी घेते ती वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ उतरू शकतं, आणि नसांना त्याचाही फटका बसतो. इंजेक्शनं सुरू झाली. साखर ताब्यात ठेवली तर पुढची पडझड मंदावेल, गेलेली जाणीव सगळी परत येईलच असं नाही, असं डॉक्टर स्पष्ट बोलले. आणि गंमत बघा, ज्या पायांना दिवसा दगड लागत नाही तेच पाय रात्री आग आग होतात, मुंग्या येतात, पांघरुणाचा स्पर्श सोसत नाही. हे घरच्यांना पटवून देणं सगळ्यात अवघड. "दुखत नाही म्हणतेस आणि झोपतही नाहीस?" असं आमचे हे अजून विचारतात.

पहिले बूट कल्याणच्या एका मोठ्या दुकानातून घेतले. मऊ, फुगीर तळाचे. वर मोजे. बरे वाटले. का बरे वाटले हे मागाहून कळलं. बधिर पायाला नेमक्या मापाचं काही लागतच नाही, थोडं आवळलं तरच पायात काही आहे असं वाटतं. म्हणून आमच्यासारखे लोक नेहमी एक नंबर लहान उचलतात आणि त्यालाच "छान बसलं" म्हणतात. त्यातच अंगणवाडीत पोरं चिंचोके खेळत होती. त्यातला एक बुटात गेला. दिवसभर मी त्यावर चालले, पोषण आहार वाटला, पाड्यावर जाऊन आले. संध्याकाळी मोजा काढला तर तो ओला. चिंचोका तळव्यात रुतून बसला होता. ती जखम भरेपर्यंत शेतातली कापणी उरकली, आणि मला तिची एकदाही कळ आली नाही.

त्याच दिवसांत एका ठाकरवाडीतल्या म्हाताऱ्याशी गाठ पडली. त्यांना खूप वर्षांपूर्वी कुष्ठरोग झालेला. रोग बरा झाला, पाय बधिर राहिले. त्यांच्या पायात सरकारी दवाखान्यातून मिळणारी चप्पल असते, मागे टाचेला पट्टा, बोटांत काही अडकवायचं नाही. माझ्या पायाची पट्टी बघून ते म्हणाले, "बाय, तुमी पन आमच्यातल्या झाल्या." मी जरा चपापले. मग त्यांनी चप्पल काढून माझ्यापुढे उलटी आपटली, आत हात घालून सगळीकडे बोटं फिरवली आणि परत घातली. म्हणाले, "पायाला इचारू नको. हाताला इचार, डोल्याला इचार." चपलेच्या बाबतीत मला मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हा, आणि तो फुकट मिळाला.

ती चप्पल म्हणजे एमसीआर. मायक्रो सेल्युलर रबर. तामिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली पॉल ब्रँड नावाचे डॉक्टर आले. कुष्ठरुग्णांची बोटं रोगाने आपोआप झडतात असा तेव्हा समज होता. त्यांनी दाखवून दिलं की बोटं झडायला लावतो तो रोग नव्हे, न दुखणं. काटा, खिळा, चटका, एकाच जागी पडणारा भार, यातलं काहीच माणसाला थांबवत नाही, म्हणून जखम होते, चिघळते आणि हाडापर्यंत जाते. मग अशा पायांसाठी पादत्राण कसं हवं यावर तिथे बरंच काम झालं. आज मधुमेहाचे डॉक्टर पायांबद्दल जे सांगतात त्यातलं पुष्कळसं असं कुष्ठरुग्णांच्या पायांवरून शिकलेलं आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांना गावाबाहेर ठेवलं त्यांच्या पायांनी आमची सोय केली. आणि आम्ही काय करतो? ती चप्पल दुकानात दाखवली की म्हणतो, "नको, लोक काय समजतील?" मीही पहिल्यांदा काळी नको, तपकिरी आहे का, असंच विचारलं होतं.

एमसीआरचा गुण असा की तो अंगठ्याने दाबला तर दबतो, पण तळाला टेकत नाही. घरच्या स्पंजच्या सपाता महिनाभरात टाचेखाली कागदाएवढ्या होतात. तसं याचं लवकर होत नाही. वर मऊ, खाली कडक तळ, म्हणजे बाभळीचा काटा आरपार येणार नाही. खिळा एकही नको, सगळं चिकटवलेलं आणि शिवलेलं. पट्टे सैल-घट्ट करता येतील असे, कारण संध्याकाळी पाय सुजतात. खरेदीही म्हणून संध्याकाळीच करायची.

आता दुकानात जाते ती पुठ्ठा घेऊन. अंगणवाडीच्या चार्टपेपरवर उभी राहिले, मदतनीस ताईंनी खडूने पायाची कड आखली, ती पुठ्ठ्यावर उतरवून कापली. दोन पायांचे दोन वेगळे, कारण उजवा मोठा निघाला. पुठ्ठा सॅंडलमध्ये ठेवायचा. कुठे कड दुमडली की ती सॅंडल परत. बुटात आतला तळ निघत असेल तर तो बाहेर काढून त्यावर उभं राहायचं, पाय बाजूने बाहेर सांडतो का बघायचं. पुढे अर्ध्या बोटाएवढी जागा हवी. दुकानदार पहिल्यांदा वैतागतात. मुरबाडच्या बाजारात एकाने सरळ विचारलं, "ताई, चप्पल घ्यायचीय का ब्लाउज शिवायचाय?"

या पुठ्ठ्याने एक गोष्ट उघड केली. बायकांच्या चपला पायाच्या मापाच्या नसतातच. सगळ्या पुढे निमुळत्या. शेतात वाढलेली बाई, पंजा रुंद, त्यात नसांच्या दुखण्याने बोटं वर आखडलेली. तिला बसेल अशी लेडीज सॅंडल मला कल्याणपर्यंत सापडली नाही. आयसीएमआरची मोठी पाहणी २०२३ मध्ये आली, देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत म्हणे. त्यातल्या बायकांचे पाय काय निमुळते होतात? शेवटी पुरुषांची सॅंडल घेतली आणि मुरबाडच्या एका मोच्याकडून आत एमसीआरचा थर बसवून घेतला. साडीवर पुरुषी सॅंडल बघून पहिला आठवडा गाव हसलं, मग कंटाळलं. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे, १९५५ पासूनची. पायाचा आकारच बिघडला तर तिथे जाऊन मापाचं करून घ्यावं लागेल. पण आमच्याकडून एसटी, मग कल्याणहून लोकल, दादरला गाडी बदलून महालक्ष्मी, म्हणजे पायासाठी अख्खा दिवस पायावरच काढायचा. ते अजून राखून ठेवलंय.

खरी लढाई घरात झाली. डॉक्टरांनी घरातही अनवाणी चालायला बंदी केली. चुलीपुढे चप्पल? सासूबाईंनी ऐकूनच घेतलं नाही. दोन दिवस त्या माझ्या हातचं जेवल्या नाहीत. मग मी नवी जोडी त्यांच्यासमोर पिशवीतून काढली, उंबऱ्याच्या आतच घातली, आणि ही कधी बाहेर जाणार नाही असं कबूल केलं. "देवापाशी काढ," एवढ्यावर तह झाला. देवळात मात्र जाड मोजे घालते. वैशाखात दगडी फरशी तापते तेव्हा तेही पुरत नाहीत, म्हणून सकाळी लवकर जाऊन येते.

चपलेवरून इतकं केलेल्या सासूबाई जोडव्यांच्या वेळी एका शब्दानेही आडव्या आल्या नाहीत. सुजलेल्या बोटात जोडवं रुतून खाच पडली होती. मला वाटलं, यावर घर डोक्यावर घेतील. मीच रडत होते. त्यांनी बोट हातात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "सोनाराकडून कापून आण. गळ्यात मंगळसूत्र आहे की." पुढे रोज रात्री कंदिलासारखा मोबाईल धरून माझे तळवे बघायचं काम त्यांनीच घेतलं. ऐंशीच्या घरातली नजर, पण भेग पडली की त्यांना आधी दिसते. खोबरेल तेलही त्याच लावतात, बोटांच्या बेचक्यात नको हे मात्र रोज सांगावं लागतं.

पावसाळ्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. घाटाच्या पायथ्याचा आमचा पाऊस, सॅंडल सतत ओली, चिकटवलेला थर सुटतो. चुलीपाशी वाळवली तर रबर आखडतं, म्हणून दोन जोड आलटून पालटून घालते. आणि लावणी? कोणत्याही डॉक्टरांचं पत्रक घ्या, त्यात फरशी असते, गालिचा असतो, बाथरूम असतं; गुडघाभर चिखल नसतो. चिखलात काच असते, खेकड्याची नांगी असते, आणि अनवाणी उतरायचं नाही. गमबूट घालून पाहिले. चिखल ते ओढून घेतो, मी पुढे आणि बूट मागे. शिवाय आत घाम आणि पाणी दोन्ही साठतं, म्हणून थोड्या वेळाने बाहेर येऊन पाय पुसायचे. तोवर बायकांची रांग पुढे गेलेली. माझ्यामुळे रांग मोडते म्हणून यंदा दिरांनी मला रोपांच्या मुठी बांधायला बांधावर बसवलं. काम सोपं आहे, फक्त खाली पाट हवा. तो घरी विसरला की जाऊ शेतातूनच ओरडते, "काय हो, आज सॅंडलवाल्या बाई उभ्याच?"