धामणीचं लाकूड

आमच्या डांगाणात, म्हणजे अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात, तिरकामठा करायचा तो बांबूचा, नाहीतर धामणीचा. बांबूचा झटपट होतो, पण लवकर मेंगळतो. धामणीचा वर्षानुवर्षं ताठ राहतो. संस्कृतात या झाडाला धन्वन म्हणतात, धनुर्वृक्ष असंही नाव आहे. शहरातल्या माणसाला धामण म्हटलं की आधी साप आठवतो. लवचिक दोघंही.

गावाच्या राखणीला एक ठाकर म्हातारे होते. सगळं गाव त्यांना बाबा म्हणायचं. भुईमुगावर माकडं उतरली की बाबांचा कामठा निघायचा. तो जुना कामठा एका पावसाळ्यात कडकन मोडला. तोवर बाबांची नजर पार अधू झाली होती. हिवाळ्यात त्यांनी मला हाक मारली, "पोरा, चल. डोळं तुझं, हात माझं."

मी तेव्हा नववीत होतो. मला वाटलं होतं, सरळ फांदी दिसली की कोयता घालायचा. पहिल्या दिवशी आम्ही दोन टेकड्या फिरलो आणि रिकाम्या हातानं आलो. मी झाड दाखवायचं आणि बाबांनी नको म्हणायचं. एक झाड उताराबाहेर कललेलं होतं. "कललेल्याचं लाकूड एका अंगानं ताणलेलं असतं, ते वाकडंच व्हनार." दुसरं मला फार आवडलं होतं. बाबांनी सालीवरून बोटं वर नेली आणि थांबले. सालीच्या रेघा खोडाभोवती तिरक्या चढत होत्या. वर पीळ, तर आतही पीळ, आणि असं लाकूड ओढलं की रेघेरेघेनं चिरतं. तिसऱ्याला मधोमध गाठ होती. गाठीचं लाकूड जळणाला चांगलं, एवढं बोलून ते पुढं निघाले. पाण्याकाठच्या झाडांकडं तर ते वळलेच नाहीत. म्हणायचे, पानी पिऊन फुगलेलं पोकळ असतंय, खडकातलं उपाशी वाढलेलं घ्यावं.

दुसऱ्या दिवशी ते मला एका जुन्या खुंटाशी घेऊन गेले. कधीकाळी त्यांनीच ते झाड तोडलं होतं, बुंधा ठेवून. त्याला चार-पाच फूट फुटले होते. एक मनगटाएवढा, दाटीत वाढल्यामुळं सरळसोट, खाली फांदी नाही. बाबांनी तो दोन्ही हातांनी वाकवून सोडला. तो सरळ झाला आणि थरथरला. त्यांनी तेवढाच तोडला, बाकीच्यांना हात लावला नाही.

घरी आणल्यावर दोन्ही टोकांना शेण लिंपलं, नाहीतर टोकाकडून भेगा पडतात. मग चुलीवरच्या माळ्यावर, धुरात. उन्हात वाळवायची घाई त्यांनी करू दिली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला तासायला घेतलं. साल काढली, पण झाडाची जी बाजू कामठ्याच्या पाठीवर येणार होती, तिथल्या लाकडाला कोयता लागू दिला नाही. तासलं ते पोटाकडून, मध्ये जाड, टोकांकडं निमुळतं. पाठीवरचा धागा तुटला की कामठा तोंडावर फुटतो.

पुढं १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं आणि त्या डोंगरातली तोड बंद झाली. ते बरंच झालं म्हणायचं. बाकीचे फूट अजून असतील तर आता मोठी झाडं झाली असतील.

त्या कामठ्यानं बाबांनी एकही माकड मारलं नाही. त्यांना ते दिसायचंच नाही. ते माळ्यावर बसायचे, कान टवकारून. शेंगांत खुसखुस झाली की तीर न लावताच अंबाडीची दोरी ओढायचे आणि सोडायचे. टण्ण असा आवाज अख्ख्या शिवारात घुमायचा, माकडं झाडांवर उड्या घ्यायची. मग ते हळूच मला विचारायचे, "गेली का रं? कोन्या अंगाला?"