पहिला नंबर कुणाचा?

बंगळुरूच्या जयनगरमधल्या एका मराठी घरात सुटीभर एकच वाद रंगला होता. जगातला सर्वांत मोठा हेवीवेट लढवय्या कोण?

नातू चौदा वर्षांचा. त्याचं वेड ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’चं. कुस्ती, मुष्टियुद्ध, जुदो, लाथा, सारं एकाच पिंजऱ्यात! त्यानं वहीत यादीच केली होती. पहिला रशियाचा फेडोर एमेलियानेन्को. दुसरा अमेरिकेचा स्टिपे मिओचिच, यूएफसीचं हेवीवेट जेतेपद सलग तीनदा राखणारा पहिला मल्ल.

आजोबा मूळचे चिकोडी तालुक्यातले. नोकरीसाठी बंगळुरूला आले आणि इथलेच झाले; पण मन अजून तांबड्या मातीत. त्यांनी वही ओढून शेजारच्या पानावर आपली यादी लिहिली. गामा पहिलवान, १९५९ मध्ये पहिला ‘हिंदकेसरी’ झालेले एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे, गणपतराव आंदळकर, कवठेपिरानचे मारुती माने.

‘‘यांना पिंजऱ्यात कोण विचारणार?’’ नातू हसला. आजोबा रागावले नाहीत. १९१० साली लंडनमध्ये गामापुढे झिबिस्को जवळजवळ तीन तास जमिनीला चिकटून कसा राहिला आणि १९२८ मध्ये पतियाळाला त्याच गामानं त्याला मिनिटभरात कसं चीत केलं, ते त्यांनी रंगवून सांगितलं.

पण घरातलं खरं दुखणं वेगळंच होतं. पंधरा दिवसांपूर्वी नातू पहिल्याच शालेय कुस्तीत मित्रांदेखत हरला होता. तेव्हापासून क्लासची पिशवी दारामागे पडून होती. आईनं समजावलं, वडील चिडले. तो वहीत फक्त जिंकणाऱ्यांची नावं लिहीत बसायचा.

एका संध्याकाळी आजोबांनी विचारलं, ‘‘तुझा तो पहिला नंबरवाला कधी पडलाच नाही?’’

नातू घुटमळला. सुमारे दहा वर्षं अजिंक्य मानला गेलेला फेडोर २०१० मध्ये फाब्रिसिओ वेर्दुमकडून अवघ्या ६९ सेकंदांत हरला होता.

‘‘मग नाव खोडलं का नाहीस?’’

‘‘एका कुस्तीनं काय होतं, आजोबा?’’ नातू उसळून म्हणाला आणि एकदम गप्प झाला.

आजोबांनी तो धागा ताणला नाही. ते आंदळकरांविषयी बोलत राहिले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांना ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण मिळालं, फ्रीस्टाइलमध्ये मात्र रौप्य. ‘‘म्हंजे ते बी एका जागी कमी पडलेच की! पण पुढं कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद होऊन किती पोरं घडवली त्यांनी! पाठ मातीला लागती रं. ती झटकून उठतो, तो पहिलवान.’’

दुसऱ्या दिवशी पहाटे दाराची कडी वाजली. आई दचकून बाहेर आली. पिशवी जागेवर नव्हती. आजोबा अंथरुणात जागेच होते. पण त्यांनी झोपेचं सोंग घेतलं.

वहीतली दोन्ही पानं अजून तशीच आहेत. पहिला नंबर कुणाचा, हा वाद काही मिटलेला नाही. मिटावा अशी आता घरात कुणाची इच्छाही नाही.