धोदाणीचा रस्ता

परवा शनिवारी पहाटे पाचला सायकल लिफ्टमध्ये मागच्या चाकावर उभी करून (हो, मावते!) खाली आलो, तर वॉचमन काका म्हणाले, "आज लवकर या साहेब, मॅडम काल विचारत होत्या." म्हणजे आमच्या घरातली गोष्ट वॉचमनपर्यंत पोचलेली होती. गोष्ट अशी, की सोमवारी एका फ्लॅटचं टोकन द्यायचं होतं आणि माझं काही केल्या हो-नाही ठरत नव्हतं. पण ते नंतर.

आधी मी आता धोदाणीला का जातो ते सांगतो. पूर्वी मी सरळ पाम बीच रोडला जायचो. वाशी ते बेलापूर, सहा पदरी, गुळगुळीत, एका बाजूला खाडी आणि कांदळवन. नवी मुंबईतल्या निम्म्या सायकलवाल्यांची सुरुवात तिथेच झालेली असते. २८ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे त्याच रस्त्यावर नेरूळजवळ कॅबची धडक बसून अवतार सैनी गेले. वय ६८. इंटेलच्या ३८६, ४८६ वर काम केलेला आणि पेंटियमच्या डिझाइनचं नेतृत्व केलेला माणूस. मी आयुष्यात पहिला 'हॅलो वर्ल्ड' लिहिला तो कॉलेजच्या लॅबमधल्या पेंटियमवर. त्या दिवशी ऑफिसमध्ये कुणी फारसं बोललं नाही. संध्याकाळी घरी आलो तर माझं हेल्मेट डायनिंग टेबलवर ठेवलेलं. बायको एवढंच म्हणाली, "पाम बीच बंद."

वाद घालायला मुद्दाच नव्हता. मग नकाशा उघडून बसलो. मला असा रस्ता हवा होता जिथे गाड्या जातच नाहीत. आता गाड्या कुठे जात नाहीत? जिथून पुढे जाता येत नाही तिथे. आमच्या भाषेत सांगायचं तर लीफ नोड. एकच वाट आत येणार, तीच बाहेर जाणार, मधून कुणी शॉर्टकट मारू शकणार नाही. पनवेलहून सुकापूर, नेरे करत मालडुंगे आणि शेवटी धोदाणी, हा तसला रस्ता. गंमत म्हणजे लोक त्याला 'माथेरान रोड' म्हणतात आणि तो माथेरानला जात नाही! माथेरानच्या पायथ्याशी, धोदाणीत संपतो. पुढे सनसेट पॉइंटला चढणारी पायवाट आहे, आणि वर पोचलात तरी तिथे खाजगी मोटारींना बंदीच. थोडक्यात, मोटारवाल्याला इकडे यायचं फारसं कारणच नाही.

खारघरहून जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात. कळंबोलीचे ट्रक, पनवेलचे उड्डाणपूल, सुकापूरच्या रिक्षा हा पहिला भाग अंधारातच उरकून टाकायचा, त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. नेरे मागे पडलं की मात्र जादू झाल्यासारखे आवाज बंद होतात. उजवीकडे प्रबळगडाचा आडवा कातळ, डावीकडे चंदेरीचा सुळका, समोर माथेरानची भिंत, आणि मधल्या खोऱ्यात गाढी नदी. माथेरानच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी पनवेलच्या खाडीला मिळते. पनवेल शहराला पाणी देणारं देहरंगचं धरणही हिच्यावरच. पावसाळ्यात त्या बाजूला इतकी गर्दी उसळते आणि बुडण्याचे इतके प्रकार होतात की बंदीचे आदेश निघतात. तेव्हा मी जातच नाही. दिवाळीनंतर मात्र सगळं खोरं आमच्यासारख्यांचं. आणि गाईंचं!

फेब्रुवारी-मार्चमध्ये तर बघायलाच नको. भाताची खाचरं रिकामी, माळावरचं गवत वाळून सोनेरी झालेलं, अधूनमधून पळस पेटलेला. काही खाचरांत राब भाजलेले काळे चौकोन दिसतात. (पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जमीन भाजायची आणि पावसात त्याच तुकड्यावर भाताचं रोप टाकायचं, ही इथली जुनी पद्धत.) त्या धुराचा वास सकाळच्या थंड हवेत खाली बसून राहतो. एका चढावर पायडल मारता मारता मला माझ्याच श्वासाचा आवाज ऐकू आला. खारघरमध्ये तो मला फक्त जिन्यात ऐकू येतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी चार महिने लीड्सला ऑनसाइट होतो. तिथून ट्रेनने इल्कलीला जायचं, तिथे व्हार्फ नदीचं खोरं आणि वर इल्कली मूर. मूर म्हणजे आपला माळच की, फक्त त्यांचा ओला आणि जांभळट, आपला कोरडा आणि पिवळा. लाल टोप्या घातलेले साठी-सत्तरीचे लोक तिथे शांतपणे सायकली हाकत असायचे. मला तेव्हा वाटायचं, हे सुख आपल्याकडे कुठलं! ते नेऱ्याच्या पुढे होतं, मी त्या बाजूला कधी वळलोच नव्हतो. असो.

तर शनिवारी धोदाणीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. कुणीतरी कुंपणाला लावलेल्या बोरीच्या फांदीचा काटा. ट्यूब काढली, पण छिद्र काही सापडेना. रस्त्याकडेच्या घरातून एक बाबा बघत होते. काही न बोलता घमेल्यात पाणी घेऊन आले. ट्यूब बुडवली, बुडबुडे आले, त्यांनीच बोट ठेवलं.

"कुठून आलाव?"

"खारघरहून."

"जागा बघाया?"

"नाही हो बाबा, सायकल चालवायला."

त्यांना ते पटलं नाही. "सायकल चालवाया इतक्या लांब? खारघरला रस्ता नाय का?"

काय सांगणार! मी ठिगळाला सोल्युशन लावत बसलो. ते मात्र रंगात आले. पूर्वी इथली माणसं दूध-भाजी घेऊन पायवाटेने माथेरानला चढायची, अजूनही काही चढतात. आता खालून गाड्या यायला लागल्या आहेत. येतात, काच खाली करतात, भाव विचारतात. "परवा एकानं इचारलं, घरातनं नदी दिसंल का? मी म्हटलं, कंच्या महिन्यात?"

मी जोरात हसलो आणि मग एकदम गप्प झालो. कारण सोमवारी ज्याचं टोकन द्यायचं होतं तो फ्लॅट याच रस्त्यावर, विहिघरच्या बाजूला. आणि ब्रोशरवर पहिल्याच पानावर लिहिलंय, 'रिव्हर व्ह्यू'. जागा बघायला आलोय का, या प्रश्नाला मी खोटं नाही तरी अर्धंच उत्तर दिलं होतं.

विमानतळासाठी २०१३ साली 'नैना' हे क्षेत्र अधिसूचित झालं, तेव्हापासून सिडको इथलं नियोजन करते आहे. नगररचना योजना, रुंद रस्ते, सगळं कागदावर आहे. विमानतळाचं उद्घाटनही ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. म्हणजे हे होणारच, मी टोकन दिलं काय नि नाही दिलं काय. बायकोचा मुद्दाही बिनतोड आहे. खारघरच्या भाड्यात इथला अर्धा हप्ता जातो, मुलीला वेगळी खोली मिळेल, आणि "तुझी नदी दारात येईल, पहाटे कळंबोलीच्या ट्रकमधून जावं लागणार नाही, मलाही झोप लागेल." या शेवटच्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी गेल्यापासून परत येईपर्यंत ती जागी असते, हे मला माहीत आहे.

परतताना मुद्दाम त्या साइटपाशी थांबलो. पत्र्याचं कुंपण, आत तीन टॉवर उभे राहायचेत. ब्रोशरमध्ये २४० फ्लॅट, प्रत्येकाला किमान एक पार्किंग. डोक्यात गुणाकार झाला, सवयच ती. आणि ही एकच स्कीम. त्या २४० मध्ये एक गाडी आमची, दिवाळीनंतर नेऱ्याच्या पुढे भटकायला निघालेली. एखाद्या वळणावर मीच कुणा सायकलवाल्याच्या मागे हॉर्न देत असेन.

घरी पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. पोहे गार झाले होते. घमेल्याची, बाबांची, नदीची सगळी गोष्ट बायकोला सांगितली. "कंच्या महिन्यात" वर तीही हसली. मग म्हणाली, "मी ती जागा फक्त ब्रोशरमध्ये आणि एजंटच्या गाडीतून बघितलीय. एसी चालू, काचा बंद."

सोमवारी एजंटचा फोन आला. मी स्टँडअप कॉलवर होतो, तिनेच घेतला आणि आठवडाभराची मुदत मागितली. त्याने आढेवेढे घेऊन दिली. येत्या शनिवारी ती माझ्याबरोबर धोदाणीपर्यंत येणार आहे. सायकल तिला जमत नाही, म्हणून मागून स्कूटर घेऊन. म्हणजे रस्त्यावर एक गाडी आत्ताच वाढली :-)