खडू आणि रॉकेल

लोखंड तापलं की सांगतं. आधी काळपट लाल, मग लाल, मग केशरी. वेल्डरला कळतं की आता हात आवरायचा. अॅल्युमिनियम काहीही सांगत नाही. 660 अंशांच्या आसपास ते वितळतं आणि तोपर्यंत त्याचा रंग होता तसाच असतो. एका क्षणी समोर पत्रा, पुढच्या क्षणी पत्र्यात भोक. शिवाय त्याच्या अंगावर ऑक्साइडची पातळ साय असते, तिला वितळायला 2,000 अंशांच्याही वर तापमान लागतं. म्हणजे खालचं दूध उकळून सांडलं तरी वरची साय जशीच्या तशी. घासून काढली, तर हवा लागताच पुन्हा धरते.

मी वेल्डिंगवर पोट भरतो. ग्रील, गेट, जिन्याचे कठडे, हॉटेलांची स्टीलची टेबलं. रेवस बंदरापासून चालत दहा मिनिटांवर घर आहे. मागच्या पडवीत, गेल्या पावसाळ्यात, मी आणि काकांनी मिळून त्यांच्यासाठी बारा फुटी होडी बांधली.

हौस म्हणून नाही. ओहोटीला रेवसचं पाणी लांब पळतं आणि मागे गाळ उरतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो. काकांची जुनी सागवानी होडी त्या गाळावरून ओढायला चार माणसं लागायची. आता घरात चार माणसं नाहीत. एक भाऊ उरणला कामाला, दुसरा पनवेलला, आणि काकांचा उजवा गुडघा गेलेला. फायबरची होडी घ्या असं सगळे सांगत होते, पण आमच्या किनाऱ्याला कालवांच्या शिंपा आहेत, सुरीसारख्या धारेच्या. त्यावरून फायबर दोन हंगाम ओढलं की तळ सोलून निघतो. थोडक्यात, काका पुन्हा खाडीत जाणार की ओट्यावर बसून जाळी सांधणार, हे होडीच्या वजनावर ठरणार होतं. अॅल्युमिनियमचा 3 मिलिमीटर जाडीचा, 8 बाय 4 फुटी पत्रा साधारण 24 किलो भरतो. लोखंडाचा तेवढाच पत्रा 70 किलो.

पत्रे मुंबईत सी. पी. टँकजवळ घेतले. 5083 हा ग्रेड. त्यात 4 ते 5 टक्के मॅग्नेशियम असतं आणि खाऱ्या पाण्यात तो टिकतो. दुकानदाराने विचारलं, ‘खिडक्या की पार्टिशन?’ होडी म्हटल्यावर त्याने चहा मागवला.

काम जून-जुलैतच होणार हे ठरलेलं होतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, काका मोकळे असतात, आणि पावसात माझ्याकडे गेट-ग्रीलचं कामही फारसं येत नाही. नेमका हाच ऋतू अॅल्युमिनियमचा वैरी. वितळलेलं अॅल्युमिनियम हायड्रोजन भसाभसा पितं आणि थिजताना जवळजवळ सगळा ओकून टाकतं. बाहेर पडायला वेळ मिळाला नाही तर बुडबुडे आतच अडकतात, आणि वेल्डच्या पोटात घावनासारखी जाळी पडते. हा हायड्रोजन येतो पाण्यातून. हवेतला दमटपणा, पत्र्यावरचं दव, फिलरच्या तारेवर धरलेली ओल. जुलैत रेवसला या तिन्ही गोष्टी फुकट मिळतात. यूट्यूबवरचे अॅल्युमिनियम वेल्डिंगचे व्हिडिओ मी शेकड्यांनी पाहिलेत. त्यांतल्या एकाही माणसाच्या कपाळावर घाम नसतो.

तळ आणि बाजू जिथे मिळतात तो सांधा पहिल्या आठवड्यात पूर्ण झाला. दिसायला देखणा, एकावर एक नाणी रचून आडवी पाडल्यासारखा. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘लाकराला पानी पाजलं का ते फुगतं, फट आपसूक मिटतं. ह्याला काय पाजशील?’

प्रश्न बरोबर होता. लाकडी होडी पहिल्या दिवशी गळतेच. फटींत कापूस आणि राळ ठासलेली असते, फळ्या पाणी पितात, फुगतात आणि चार दिवसांत होडी स्वतःच स्वतःला बंद करते. पत्रा असलं काही करत नाही. पहिल्या दिवशी जेवढं भोक, तेवढंच दहाव्या वर्षी. आणि रेवसमध्ये बोटीच्या सुरक्षिततेविषयीचा प्रश्न कुणी सहज विचारत नाही. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून इकडेच यायला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि 600 हून अधिक माणसं गेली. काकांचा जन्म त्यानंतरचा, पण जुलैतली ती गोष्ट ऐकतच ते वाढले.

म्हणून खडू आणि रॉकेल. टाक्या बनवणाऱ्यांची ही जुनी रीत आहे. खडूची पूड पाण्यात कालवून सांध्याला बाहेरून फासायची, वाळू द्यायची, आतून रॉकेल लावायचं. रॉकेल पाण्यापेक्षा कितीतरी बारीक वाटेतून सरकतं. जिथे भोक आहे तिथे पांढऱ्या खडूवर ओला डाग उमटतो. रॉकेल आता शोधावं लागतं, आणि जुलैत खडू वाळायलाच अर्धा दिवस लागतो. त्या देखण्या सांध्यावर अकरा डाग आले. काकांनी चष्मा लावून प्रत्येकाभोवती पेन्सिलीने गोल काढला.

डागावर नुसता नवा वेल्ड चढवणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं. जाळी मुळापर्यंत कोरून काढावी लागते. त्यात चाचणीचं रॉकेलच भोकांत मुरलेलं असतं. ते जळतं, काजळी धरते, आणि रॉकेलमध्येही हायड्रोजन असतोच. दुसऱ्या चाचणीला सहा डाग आले, त्यातले दोन नवीन. दरम्यान अलिबागहून आणलेलं आरगॉनचं सिलिंडर संपलं आणि तळाच्या पत्र्याने पोक काढलं. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं आणि निवताना तितकंच आवळतं. तळ अंगठ्याने दाबला की डब्याच्या झाकणासारखा टक् वाजायचा. त्याला आतून दोन लांब पट्ट्या, तुटक टाके घालून, लावल्या.

मग दिवसाचं वेळापत्रकच बदललं. सकाळी पत्रा हवेपेक्षा गार असतो, त्याला घाम सुटतो, म्हणून दुपारी बारा ते चारच काम. खाडीकडून येणारा वारा आरगॉन उडवून नेतो, म्हणून तिन्ही बाजूंना ताडपत्री. फिलरच्या तारा पत्र्याच्या जुन्या पेटीत, आत पिवळा बल्ब सतत पेटता. सांध्यावरून आधी गॅसच्या ज्योतीचा हलका हात, पत्रा हाताला जेमतेम सोसेल इतकाच. सगळं कोरून, अॅसिटोनने पुसून, स्टीलचा वेगळा ठेवलेला ब्रश मारून पुन्हा. आता वेल्ड दिसायला साधा, थोडा वेडावाकडा. तिसऱ्या चाचणीला काका सकाळपर्यंत खडू बघत बसले. एकही डाग नव्हता. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारलं, ‘रंग कंचा?’

जुन्या होडीसाठी आणलेल्या लाल रंगाचा अर्धा डबा त्यांनी जपून ठेवला होता. त्यात तांबं असतं. कालवं धरू नयेत म्हणून ते घालतात, आणि खाऱ्या पाण्यात तांबं अॅल्युमिनियमला खातं. 1895 साली अमेरिकेत ‘डिफेंडर’ नावाची शर्यतीची नौका बांधली होती, पाण्याखाली कांस्य आणि वर अॅल्युमिनियम. शर्यत जिंकली, पण 1901 मध्ये ती मोडीत काढावी लागली. डबा परत माळ्यावर गेला.

काकीचं मात्र अडलं. जुन्या होडीच्या नाळीवर सासऱ्यांनी ठोकलेला भोकाचा पैसा होता, तो नव्या होडीवर गेलाच पाहिजे. भोकाचा पैसा कांस्याचा. मी डिफेंडरची गोष्ट पुन्हा सांगितली. काकी म्हणाली, ‘त्यांच्या बोटीला देव नसंल.’

नारळी पौर्णिमा गेल्यावर, भांगाचं पाणी बघून, आम्ही दोघांनीच होडी गाळावरून नेली. बसायची फळी जुन्या होडीच्या सागाची आहे, तिच्याखाली तरंगायला फोम भरलाय. पैसा त्या फळीला ठोकलाय, खिळा आरपार जाणार नाही इतक्या बेताने. पैसा लाकडावर, लाकूड रबरावर, रबर पत्र्यावर. दर पंधरवड्याला मी खाली हात घालून रबर बघतो. काका तळाचा सांधा बघतात, कानावर पेन्सिल ठेवून.